दुबई सव्वातीन तास, मुंबई सात
प्रवासाची दैनंदिनी : लेखांक २

सोमवार, रत्नागिरी

तिकिटावर दोनच गावे असतात, मुंबई आणि दुबई. अंतर सुमारे १,९३० किलोमीटर, वेळ सव्वातीन तासांच्या आसपास. रत्नागिरीहून आखातात नोकरीला जाणाऱ्याचा प्रवास मात्र मुंबईच्या सहार विमानतळावर सुरू होत नाही. नकाशावर सरळ रेघ ओढली तर रत्नागिरी ते दुबई सुमारे २,०७० किलोमीटर भरते. आधी उत्तरेला २३५ किलोमीटरवरची मुंबई गाठून मग पश्चिमेला वळले, तरी एकूण वाढ नव्वद किलोमीटरांच्या आसपासच. हवाई अंतर पाहिले तर मुंबईचा वळसा नगण्य आहे. घड्याळ पाहिले तर तोच वळसा विमानप्रवासाहून मोठा आहे. म्हणून दोन विमानतळांमधले अंतर हे प्रवासाचे माप धरणे कोकणातल्या माणसासाठी चुकीचे ठरते.

मंगळवार, कोकण रेल्वेने मुंबई

रत्नागिरी-मुंबई प्रवासाला बहुतेक गाड्यांनी साडेपाच ते साडेसात तास लागतात. १९९८ पासून पूर्ण धावू लागलेल्या या मार्गाचा मोठा भाग अजून एकेरी आहे, त्यामुळे क्रॉसिंगसाठी गाडी थांबते. पावसाळ्यात दरडींच्या भीतीने वेग कमी ठेवावा लागतो आणि वेळापत्रकच बदलते. गाडीचे सात तास धरा, ठाण्याहून किंवा दादरहून सहारला पोहोचायचा तास-दीड तास धरा, उड्डाणाआधीचे तीन तास धरा. साडेअकरा तास जमिनीवरच गेले. त्यात गाडी उशिरा आली तर म्हणून हाताशी ठेवलेला वेळ धरलेलाच नाही.

बुधवार, दुबई

दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे. त्यामुळे तिकिटावरच्या वेळा पाहून प्रवास दोन तासांच्या आत आटोपल्यासारखा वाटतो, तर परतीला साडेचार तास लागल्यासारखे दिसतात. पण हा झाला घड्याळांचा फरक. खरा हिशेब पंधरा तासांच्या आसपास जातो आणि त्यात उड्डाणाचा वाटा पंचमांशाहून थोडाच जास्त असतो.

यावर कोणी म्हणेल, लांब जाणाऱ्याला या साडेअकरा तासांचे काय? मुंबई-लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर, जाताना नऊ-दहा तास. तिथेही जमिनीवरचा वेळच जास्त भरतो. न्यूयॉर्कच्या पंधरा-सोळा तासांपुढे मात्र तो कमी पडतो. म्हणजे परदेश जितका जवळ, तितका मुंबईपर्यंतचा प्रवास जड. आणि कोकणातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे गेली ती याच जवळच्या आखातात. मोजक्या रजेवर घरी येणाऱ्याचा येता-जाता एकेक दिवस इथेच खर्च होतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : रत्नागिरीच्या मिरजोळे विमानतळावरून मुंबईला प्रवासी विमान सुटले की प्रश्न मिटेल. थोडा मिटेलही, पण विमानाची वेळ पुढच्या उड्डाणाशी जुळली आणि सामान थेट दुबईपर्यंत गेले, तरच. नाहीतर मुंबईत उतरून सामान घ्यायचे आणि पुन्हा तीन तासांची रांग धरायची; रेल्वेचे वाचलेले तास तिथेच जातील. शिवाय परवडेल तो विमानाने जाईल, बाकीचे रेल्वेनेच. म्हणून विमानतळाची मागणी करताना दुहेरी रुळांची मागणी मागे पडता कामा नये. दुबई जवळ आणायची तर आधी मुंबई जवळ आणावी लागेल.

(क्रमशः)