घर बंद होतं

परवा जर्नल्स तपासत बसले होते. आमच्या नर्सिंगच्या मुलींची कम्युनिटीची पोस्टिंग नुकतीच संपली, त्यामुळे टेबलावर फॅमिली फोल्डर्सचा ढीग! एका फोल्डरमध्ये सात महिन्यांच्या गरोदर बाईला दिलेल्या तीन भेटी होत्या. तिन्ही भेटींत ब्लडप्रेशर १२०/८०, वजनही तेच. अक्षर मात्र सुरेख.

मुलीला बोलावलं. आधी गप्प, मग डोळ्यांत पाणी. "मॅडम, दोनदा गेले तर कुलूप होतं."

खोटं बोलत नव्हती ती. तुर्भे स्टोअरच्या त्या वस्तीत आमची बस सकाळी साडेनऊला पोचते आणि एकला परत निघते. तोवर निम्म्या बायका वाशीच्या सेक्टरांत धुण्याभांड्याला, नाहीतर मार्केटला कांदा निवडायला गेलेल्या असतात. घरात सापडते म्हातारी किंवा शाळा बुडवलेली पोर. म्हणजे जिला तपासायचं तीच नसते! जी भेटते ती म्हणते, "दरवर्षी पोरी येतात, लिहून नेतात. पुढं काय होतं?" यावर काय उत्तर द्यायचं, ते कुठल्याच पुस्तकात नाही.

पुस्तकात बॅग टेक्निक आहे. बॅग वर्तमानपत्रावर ठेवायची, आधी हात धुवायचे, मग सामान काढायचं. पण जिथे पाणी हंड्याने भरून ठेवलेलं असतं, तिथे हात धुवायला पाणी मागताना मुलींना संकोच वाटतो. मग हात न धुताच कामाला लागतात, आणि जर्नलमध्ये मात्र 'हात धुतले' असं लिहितात. १८९३ साली न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत लिलियन वाल्ड राहायलाच गेली. घरोघर जाणाऱ्या परिचारिकांचं काम तिने तिथून उभं केलं. आम्ही मात्र बसच्या वेळेला बांधलेले.

त्या मुलीला रागवायला तोंड उघडलं आणि मला माझंच एक जर्नल आठवलं. विद्यार्थिनी असताना मीही एका बंद घरातल्या बाईचं ब्लडप्रेशर लिहिलं होतं. पहिल्या भेटीत तिचे पाय सुजलेले होते. गरोदरपणात १४०/९० किंवा त्याहून जास्त दाब आला तर तो धोक्याचा इशारा, हे मला तोंडपाठ होतं. परीक्षेत लिहिलंही. तिचं पुढे काय झालं, ते आजतागायत मला माहीत नाही. माझ्या कागदावर ती ठणठणीत होती.

मी मुलीला म्हटलं, "घर बंद होतं, असं लिही. तारीख घाल, वेळ घाल."

तिने विचारलं, "मग मार्क मिळतील का मॅडम?"

तिचं काय चुकलं? आम्हीच भेटी मोजतो, बाई भेटली की नाही ते विचारत नाही.

मार्क दिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला आम्ही दोघी रिक्षाने गेलो. बाई नुकतीच कामावरून आली होती. दाब निघाला १३८/८८. थोडा वेळ बसवून पुन्हा घेतला, तरी तेवढाच. पावलांवर सूज होती. तिला नागरी आरोग्य केंद्रात सकाळी कोण घेऊन जाणार, ते ठरवूनच उठलो.

पुढच्या बॅचला संध्याकाळच्या भेटी द्याव्यात, असा अर्ज केलाय. मुलींच्या सुरक्षिततेचं काय, असं वरून विचारणा झालीये. प्रश्न रास्तच आहे. उत्तर शोधतेय.