शूबी म्हणजे कोण?

अलिबाग

चि. सायली हिस अनेक आशीर्वाद.

ओशन सिटीच्या किनाऱ्यावर तुम्हाला कुणीतरी ‘शूबी’ म्हणालं आणि तू ते मनाला लावून घेतलंस, असं वहिनी सांगत होत्या. अगं, त्याचा तुझ्या रंगाशी काडीचाही संबंध नाही. दक्षिण न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरचे लोक सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्या सगळ्यांनाच शूबी म्हणतात. त्यातही मुख्य रोख फिलाडेल्फियावाल्यांवर. कौतुकाचा शब्द नाही, हे मात्र खरं.

माझा जन्म रेल्वेत गेला, म्हणून मला यात गंमत वाटते ती आगगाडीची. 1854 साली कॅम्डेनहून अटलांटिक सिटीपर्यंत गाडी सुरू झाली. कॅम्डेन म्हणजे फिलाडेल्फियाच्या समोर, नदीच्या अलीकडच्या काठावर. कारखान्यातल्या माणसाला सुट्टी एकच, रविवारची. सकाळच्या गाडीनं समुद्र गाठायचा, रात्री घरी. हॉटेलात जेवणं परवडत नसे, मग घरूनच बांधून न्यायचं, तेही बुटांच्या रिकाम्या खोक्यात. शू-बॉक्सवाले ते शूबी, असं सांगतात. वाळूतही बूट घालून फिरतात म्हणून शूबी, असंही कुणी म्हणतं. मला खोक्याचीच गोष्ट पटते, कारण खरा राग तिथेच आहे: खोली घेत नाहीत, हॉटेलात जेवत नाहीत, जाताना वाळू तेवढी नेतात.

त्या वाळूचा तर फारच त्रास होता. हॉटेलांचे गालिचे आणि गाडीचे डबे वाळूनं भरायचे. शेवटी एक रेल्वे कंडक्टर आणि एक हॉटेलवाला यांनी पुढाकार घेतला आणि 1870 साली किनाऱ्यावर फळ्यांची वाट झाली. हंगाम संपला की फळ्या उचलून ठेवत. तोच बोर्डवॉक. कंडक्टरचं नाव अलेक्झांडर बोर्डमन, आता बोल!

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? शनिवारी मांडव्याला बोट लागली की ‘आली मुंबईची पब्लिक’ म्हणून नाक मुरडायचं आणि त्याच दुपारी थाळीचे भाव वाढवायचे.

तुमच्याकडे मात्र हे भांडण कोर्टापर्यंत गेलं. एव्हन-बाय-द-सी नावाच्या गावानं बाहेरच्यांना किनाऱ्याचं तिकीट जास्त लावलं होतं. 1972 साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं. समुद्र सगळ्यांचा, गाव फक्त विश्वस्त. तिकीट लावायचं तर गावकऱ्यालाही तेवढंच लावा. हेच विश्वस्ताचं तत्त्व पुढे आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही कमलनाथ खटल्यात उचलून धरलं, तिथे प्रश्न बियास नदीचा होता.

तेव्हा बिनधास्त जा. बारा वर्षांखालच्या मुलांना किनाऱ्याचं तिकीट लागत नाही, ओमचे पैसे भरू नकोस. अटलांटिक सिटीत तर कुणालाच लागत नाही. दशम्या, चटणी घरूनच ने, फक्त डबा उघडा ठेवू नकोस. तिथले सीगल हातातला घास पळवतात. ओशन सिटीनं 2019 मध्ये त्यांना हाकलायला चक्क शिकारी पक्षी आणले!

तुझा,
काका