बरं-वाईट

परवा मेसला सुट्टी होती. रूमवर मॅगी शिजवत आम्ही यूट्यूबवर जुन्या जाहिराती बघत बसलो, आणि त्यात विम्याच्याच जास्त निघाल्या. एसबीआय लाइफची ती आठवते? आजोबा आजींना हिऱ्याची अंगठी देतात, आजी लाजतात, या वयात कशाला? तर आजोबा म्हणतात, हिऱ्याला काय माहीत तुझं वय! आम्ही सगळ्याजणी ‘सो क्यूट’ म्हणून ओरडलो. नंतर डोक्यात आलं, विकतायत विमा आणि अख्ख्या जाहिरातीत मरणातला ‘म’ पण नाही!

1956 साली एलआयसी झाली तेव्हापासून आयुर्विमा म्हणजे ते दोन हात आणि मधला दिवा. आजी वाऱ्यात निरांजन नेते ना, अगदी तसे. त्या चित्रात सगळं आलं, बोलायची गरजच नाही. 2000 साली खासगी कंपन्यांना दार उघडलं आणि मग प्रत्येकीला काहीतरी वेगळं बोलणं भाग पडलं. एचडीएफसीने स्वाभिमानाला हात घातला, ‘सर उठा के जियो’. आयसीआयसीआय प्रुडेन्शियलने चिंतामणी नावाचा कार्टून माणूस आणला. आपल्याकडे चिंतामणी म्हणजे थेऊरचा गणपती, चिंता घालवणारा. यांचा चिंतामणी स्वतःच चिंतेत! आधी हसवायचं, मग हळूच भीती दाखवायची. पॉलिसीबझारच्या जाहिरातीत तर पुढे साक्षात यमराजच आला.

पण खरं सांगू का, या सगळ्यांचा बाप आमच्या धावड्याला येत असे. भोकरदनहून मोटारसायकलवर. पॉलिसीवाले काका.

मी तेव्हा नववीत, जालन्याला आत्याकडे राहून कॉन्व्हेंटला शिकत होते. सुट्टीत घरी आले होते. काका ओट्यावर टेकले आणि म्हणाले, “वहिनी, चहा टाका. तोवर मी आप्पाला मारून परत जिवंत करतो!” सगळे हसले. आई सोडून. मग आवाज खाली आणून, “देव न करो आप्पा, पण उद्या काही बरं-वाईट झालं तं...” एवढं बोलून थांबले. वाक्य पुरं केलंच नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, “ही पोरगी इंजिनिअर होणार का नाही?”

आमच्या इलोक्यूशनच्या सिस्टर सांगायच्या, असा प्रश्न विचारा की ज्याचं एकच उत्तर असेल. काका कुठल्या कॉन्व्हेंटला गेले होते कोण जाणे! आणि ‘बरं-वाईट’ हा शब्द तरी बघा. होणार ते फक्त वाईट, पण सोबतीला ‘बरं’ जोडून दिलं की ऐकणारा दचकत नाही. आप्पांनी सही केली.

या दिवाळीत कपाट आवरताना ती पॉलिसी सापडली. आत चार पावत्या. नववी, दहावी, अकरावी, बारावी. पाचवी नाही. त्या वर्षी कापसाचं फार काही झालं नव्हतं आणि माझी कॉलेजची फी, हॉस्टेलचं डिपॉझिट एकदमच आलं होतं.

आप्पांना विचारलं. ते बैलांना पाणी पाजत होते. म्हणाले, “एकाच इंजिनिअरवर दोनदा पैसे कशाला भरायचे?”

मी खो-खो हसले. हसत हसत घरात आले आणि पाणी पिताना उमगलं, हे काकांचंच तंत्र आहे. हसवलं की पुढचा प्रश्न विचारायचा राहतो. माझ्यापेक्षा जास्त आप्पाच ते शिकले होते!

रात्री काकांना फोन लावला. चार हप्ते भरलेत म्हणून पॉलिसी अगदी वाया गेलेली नाही, पण रक्कम बरीच कमी झालीय. न भरलेल्या पहिल्या हप्त्यापासून 5 वर्षांच्या आत पुन्हा चालू करता येते. थकलेले हप्ते, वर व्याज, आणि तब्येतीची तपासणी. दोन वर्षं गेलीत. आप्पांना आता बीपीची गोळी चालू आहे, हे मी काकांना सांगितलं. पहिल्यांदाच ते काही विनोदी बोलले नाहीत.

मग म्हणाले, “येतो मी रविवारी. आप्पाला हसवून सांगतो.”

आई शेजारीच उभी होती. म्हणाली, “त्याला म्हणावं, ह्या टायमाला आधी आकडा सांग, मग चहा.”