मेटाफेजवाल्यांच्या सहवासात

कोलकाता, ९ डिसेंबर

गुणसूत्र-अभ्यासकांच्या परिषदेची नोंदणी उरकली आणि दुपारी मुद्दाम बालिगंज सर्क्युलर रोडला जाऊन आले. अरुणकुमार आणि अर्चना शर्मा यांनी इथल्या वनस्पतिशास्त्र विभागात गुणसूत्रांचं काम केलं. त्यांचं ‘क्रोमोसोम टेक्निक्स’ १९६५ साली निघालं आणि स्लाइड कशी करावी हे देशातल्या कितीतरी विद्यार्थ्यांना त्या पुस्तकानं शिकवलं. उद्यापासून परिषद.

१० डिसेंबर

सकाळ भेकरानं जिंकली. सह्याद्रीत रात्री भुंकणारं हे हरिण, पण पेशीत मादीची गुणसूत्रं अवघी ६ आणि नराची ७! एक्स गुणसूत्र दुसऱ्या एका गुणसूत्राला जोडलं गेल्यामुळे नरात हिशेब विषम होतो. त्याच्याच चिनी भाऊबंदाकडे मात्र ४६ आहेत. म्हणजे जनुकीय मजकूर फारसा हरवलेला नाही, गुणसूत्रं टोकाला टोक लावून जुळत गेली, आणि त्या जोडांच्या खुणा आजही सापडतात. आपल्या दोन नंबरच्या गुणसूत्रातही असाच एक जुना जोड आहे. चिंपांझीत तीच सामग्री दोन वेगळ्या गुणसूत्रांवर असते.

जेवताना वनस्पतीवाले आणि माणसांवर काम करणारे एकाच टेबलावर बसले होते. अशा गप्पा मला व्याख्यानांपेक्षा जास्त मोलाच्या वाटतात.

११ डिसेंबर

आज ज्यासाठी आले ते ऐकायला मिळालं. मानवी जीनोमचा उरलेला सुमारे ८ टक्के भाग २०२२ मध्ये वाचून झाला. १३, १४, १५, २१ आणि २२ या गुणसूत्रांच्या आखूड भुजा त्यातच येतात. एकसारख्या मजकुराच्या आवर्तनांमुळे त्या इतकी वर्षं अडून होत्या. आणि रॉबर्टसोनियन जोड, म्हणजे दोन गुणसूत्रांच्या लांब भुजा एकमेकींना चिकटणं, होतात ते नेमके याच गुणसूत्रांत.

ऐकताना आमच्या पुण्याच्या प्रयोगशाळेत आलेली साताऱ्याची एक बाई डोळ्यांपुढे होती. पुन्हापुन्हा गर्भपात, आणि जनुकीय तपासणीच्या साऱ्या अहवालांत काहीच दोष नाही. आमच्याकडे कॅरिओटाइप केला, म्हणजे गुणसूत्रं काचेवर मांडून पाहिली, तर ती एकूण ४५ भरली; १४ आणि २१ क्रमांकाची एकमेकांना जोडलेली. तिची स्वतःची प्रकृती ठणठणीत, कारण महत्त्वाचं काही कमी नाही की जास्त नाही. मायक्रोॲरे ही तपासणी गुणसूत्रांतलं फक्त कमी-जास्त मोजते. तुकड्यातुकड्यांनी वाचणाऱ्या तपासणीला आवर्तनांमधला जोड दिसत नाही. तो काचेवर, डोळ्यांनी दिसतो. अशा आईच्या बाळाला डाउन सिंड्रोम होण्याचा धोका दहा ते पंधरा टक्के असतो, वडील वाहक असतील तर जेमतेम एक टक्का. हे आकडे त्या जोडप्याला आधी कळायला हवे होते.

कॅरिओटाइप आता जुना झाला, असं हल्ली सर्रास म्हणतात. प्रश्नोत्तरांत उठून मी याला ठाम विरोध केला. अक्षरं वाचणाऱ्यांना पुस्तकाची बांधणी पाहणारा माणूस शेजारी लागतोच. बंगळुरूचा एक तरुण संशोधक नंतर येऊन भेटला. लांब तुकडे वाचणाऱ्या यंत्रावर तो असे जोड शोधतो आहे. आमच्या जुन्या स्लाइड आणि त्याचं वाचन शेजारी ठेवून पाहायचं ठरलं.

१२ डिसेंबर

तंत्रज्ञांची कार्यशाळा. रक्तपेशींचं बहात्तर तासांचं कल्चर, शेवटी पेशींची विभागणी मेटाफेज या टप्प्यावर थांबवणारं कोल्सेमिड, मग पेशी फुगवणारं पातळ क्षारद्रावण. १९५६ साली लुंडला चियो आणि लेवान यांना माणसाची ४६ गुणसूत्रं नीट मोजता आली ती अशाच प्रक्रियेमुळे. तोवर सगळे ४८ मानत. खूप वेळ चर्चा झाली ती मात्र हवेतल्या दमटपणावर. थेंब काचेवर किती सावकाश सुकतो यावर गुणसूत्रांची पसरण ठरते. म्हणून पुण्यातल्या कोरड्या हिवाळ्यात आम्ही वाफेचं भांडं जवळ ठेवतो, इथे उलटीच कसरत. हे कुठल्या शोधनिबंधात सविस्तर सापडत नाही, हातातून हातात जातं.

संध्याकाळी साताऱ्याला फोन लावला. तिची धाकटी बहीण लग्नाची आहे, भावाला नुकतं मूल झालंय. तेही वाहक असू शकतात, दोघांचंही रक्त घ्यायला हवं. सोमवारी यायला ते तयार आहेत.