माकडाला आडनाव नसतं



कान्हेरीला आपण जातो. धम्मवर्गाची पोरं घेऊन जातो, मंडळाची सहल काढून जातो. बोरिवलीला उतरायचं, जंगलाच्या फाटकातून सहासात किलोमीटर आत जायचं. डोंगर काळ्या दगडाचा. लेणी शंभरावर, मोजदाद एकशेनऊची सांगतात. इसवीसनाआधीच्या पहिल्या शतकापासून पुढं हजारएक वर्षं माणसं हा दगड कोरत होती. भिक्खू तिथं राहिले, शिकले, मेले. आपण तीन नंबरच्या चैत्यात उभं राहून त्रिसरण-पंचशील म्हणतो, फोटो काढतो, डबे खातो, परत येतो. हा डोंगर आपला, असं छाती फुगवून सांगतो. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मला लिहायचंय ते माकडांबद्दल.

हसू नका. ऐका.

कान्हेरीच्या जंगलात माकडं लय. दोन तऱ्हेची. (जात हा शब्द मी मुद्दाम टाळतो.) एक वानर: काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं, झाडाचा पाला खाणारं, माणसापासून लांब राहणारं. दुसरं आपलं माकड: तोंड तांबूस, डोक्यावर केसांची टोपी घातल्यासारखी. हे धीट. गालात पिशव्या असतात त्याच्या. मिळेल ते आधी गालात कोंबतं, मग झाडावर जाऊन सावकाश खातं. गिरणीत जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची असली की आम्हीही तसंच करतो. उंबर पिकला की माकडं उंबरावर. फळ खाल्लं की बी दुसरीकडं टाकतात, तिथं झाड उगवतं. बिबट्या दिसला की वानर वरून ओरडतं, खालची हरणं सावध होतात. म्हणजे जंगलात त्यांना काम आहे. कुणाच्या दयेवर ती तिथं राहत नाहीत.

पण लेण्यांच्या पायऱ्यांवर बघा. तिथं माकड देव होतं. लोक केळी आणतात, फुटाणे आणतात, बिस्किटाचे पुडे फोडतात, हात जोडतात. मारुतीचं रूप म्हणतात. महाशिवरात्रीला तर इथं जत्राच लोटते. लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली असं पोराबाळांना सांगतात. हजार वर्षांचे हात एका रात्रीत पुसून टाकायचे, ही आपल्याकडची जुनी कारागिरी.

मागच्या हिवाळ्यात आम्ही चौघं गेलो होतो. एक पन्नाशीचे गृहस्थ, सोबत बाई, पिशवीत डझनभर केळी. एका माकडिणीच्या पोटाला पोर चिकटलेलं. तिला त्यांनी केळं सोलून दिलं. सोलून! बाईंनी नमस्कार केला. मग आमच्याकडं वळून म्हणाले, "घ्या, प्रसाद आहे. कुठले तुम्ही?" आम्ही गाव सांगितलं. "आडनाव काय आपलं?" माझ्या दोस्तानं पहिलं नाव सांगितलं. ते हसले. "ते झालं हो, आडनाव?" त्यानं सांगितलं. "बरं, बरं," म्हणाले. पुढं आलेला हात पिशवीत परत गेला. वाईट बोलले नाहीत. आवाजसुद्धा चढवला नाही. उरलेली केळी एक-एक करून कठड्यावर मांडली आणि माकडांना हाक मारली, "या रे, या."

माझ्या दोस्तानं तेवढंच म्हटलं, "माकडाला आडनाव नसतं राव. सुटलं बिचारं."

त्या केळ्याची मला भूक नव्हती. पण घरी येईपर्यंत एकच गोष्ट डोक्यात गरगरत होती. या देशात पवित्र म्हणजे काय? जनावराला पवित्र म्हणायला काही लागत नाही. ते बरोबरीला बसत नाही, हक्क मागत नाही, सातबारा मागत नाही. आणि माकडाला तरी या पवित्रपणानं काय दिलं? बिस्किटावर वाढलेलं माकड रानात चारा शोधत नाही. पुड्यासाठी माणसाच्या अंगावर येतं, मग तोच भक्त दगड मारतो. जंगलाच्या कायद्यानं खायला घालायला बंदी आहे, पाट्या लावल्यात. देव मानायचं आणि भिकारी करायचं. हे आपल्याला नवीन नाही. आपल्याला 'हरिजन' म्हणणारेही होतेच की.

आता पाण्याकडं येतो, कारण कान्हेरीचं खरं मर्म पाण्यात आहे.

महाडचं चवदार तळं तुम्हाला सांगायला नको. १९२३ साली मुंबई कौन्सिलात बोले यांचा ठराव झाला, १९२४ साली महाड म्युनिसिपालटीनं तळं खुलं केलं, कागदावर. त्या तळ्यावर गुरं पाणी पीत होती, कुत्री पीत होती. मज्जाव माणसांना. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी आपल्या माणसांसोबत ओंजळभर पाणी घेतलं, तर डोकी फोडली आणि नंतर तळं शेणगोमुतानं शुद्ध केलं. कोर्टात भांडत भांडत हायकोर्टाचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. एका ओंजळीला दहा वर्षं.

गिरणीतही तेच होतं. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात, साच्यांवर, आपल्या माणसाला घेत नसत. पगार तिथं जास्त. कारण काय, तर धोट्यातली कांडी बदलताना सुताचं टोक ओठांनी ओढून घ्यावं लागे. आपल्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला कसा चालेल? १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढं ठेवला. लाल बावटा खांद्यावर घेणाऱ्यांचेही ओठ पवित्र होते, हे तेव्हा उघड्यावर आलं. आज मी मशीनवर उभा राहतो तेव्हा ओठांनी सूत ओढावं लागत नाही. यंत्र बदललं. आडनाव विचारणारं तोंड बदललं नाही.

हे सगळं डोक्यात ठेवून कान्हेरीची पोढी बघा. पोढी म्हणजे कातळात कोरलेलं पाण्याचं टाकं. बहुतेक लेण्यांच्या अंगणात एक आहेच. छतावर, कड्यावर पन्हळी खोदल्यात. पावसाचं पाणी त्या पन्हळीतून घरंगळत टाक्यात येतं. काळा दगड पाणी गिळत नाही, आणि टाकं झाकलेलं असल्यामुळं ऊनही ते पीत नाही. चार महिने पाऊस, आठ महिने पुरवठा. इंजिनिअर नाही, पंप नाही. ज्यांनी हे खोदलं त्यांना डोंगराचा उतार बोटाच्या पेराएवढा कळत होता. अशा शेकडो घणांचे आवाज त्या दगडात आहेत.

आणि तिथले शिलालेख वाचा. एक लेख पाण्याच्या टाक्याचाच आहे, दुसऱ्या शतकातला. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णी, त्याची राणी महाक्षत्रपाची मुलगी, आणि शतेरक नावाच्या अमात्यानं दिलेलं हे पाण्याचं दान. सातवाहन आणि क्षत्रप ही दोन घराणी एकमेकांच्या उरावर बसलेली. त्यांची राज्यं गेली, पाणी राहिलं. पण राजाराणीचं कौतुक मी सांगत नाही. बाकीचे लेख बघा. कल्याणचे, सोपाऱ्याचे, चौलचे, नाशिकचे लोक. व्यापारी आहेत, लोहार आहे, बाया आहेत, भिक्खुणी आहेत. कुणी टाकं दिलं, कुणी खोली दिली, कुणी शेत दिलं. प्रत्येकाच्या दानाला शब्द एकच, देयधर्म. जे द्यायचं तोच धर्म. पुढं १००९ आणि १०२१ साली आलेल्या पारशी प्रवाशांनीही एका लेण्यात पहलवी लिपीत आपली नावं कोरून ठेवली. परक्या धर्माची माणसं. आली, नावं कोरली, गेली.

त्याच दिवशी वरच्या अंगाच्या एका पोढीवर मी माकड पाणी पिताना बघितलं. पुढचे दोन पाय काठावर, तोंड थेट पाण्याला. प्यालं, तोंड पुसलं, गेलं. मागून दुसरं आलं. त्या पाण्याला कुणी गोमूत्र लावायला आलं नाही. मी काठावर बसून विचार करत राहिलो. अठराशे वर्षांमागं ज्यानं दगड फोडला त्यानं पुढं कोण पिणार याची यादी केली नव्हती. भिक्खूनं प्यावं, वाटसरूनं प्यावं, माकडानं प्यावं. पवित्र जागेचा हा अर्थ मला पटतो. जिथं पाणी आडनाव विचारत नाही ती जागा पवित्र. बाकी सगळी कुंपणं.

पाली अट्ठकथेत एक गोष्ट आहे. चमत्कार म्हणून नाही, गोष्ट म्हणून सांगतो. कोसंबीला भिक्खूंची दोन गटांत भांडणं लागली. कारण काय, तर शौचालयातल्या भांड्यात एकानं पाणी शिल्लक ठेवलं. तेवढ्यावरून संघ फुटला. बुद्धानं समजावलं, कुणी ऐकेना. तेव्हा तो एकटाच उठून पारिलेय्यकच्या रानात जाऊन राहिला. तिथं एका हत्तीनं त्याची सेवा केली. एका माकडानं मधाचं पोळं आणून दिलं. पोळ्यात अळ्या होत्या म्हणून बुद्धानं खाल्लं नाही. माकडानं अळ्या वेचून काढल्या, मग त्यानं मध घेतला. दोस्तहो, हे वाचून मला आपली आठवण झाली. किती गट आपले? कशाकशावरून फुटलो? एका तांब्याभर पाण्यावरून फुटणाऱ्यांना सोडून बुद्ध रानात गेला आणि रानानं त्याला घेतलं. त्यानं माकडाला देव केलं नाही. त्याच्या हातचं खाल्लं. या देशात हातचं खाणं म्हणजे काय, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक?

आता कडू गोष्ट. हे जंगल मुंबईत टिकलं कसं? इंग्रजांना शहरासाठी पाणी पाहिजे होतं. १८६० साली विहार तलाव पुरा झाला, १८७९ साली तुळशी. तलावाचं पाणलोट राखायचं म्हणून रान राखलं. आज ते शंभर चौरस किलोमीटरच्या थोडं वर आहे. पण त्या रानात वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी यांचे पाडे आहेत. ती माणसं तलावाच्या आधीची, पार्काच्या आधीची. १९९७ साली हायकोर्टाचा आदेश झाला, अतिक्रमण हटवा. पुढच्या दोनतीन वर्षांत बुलडोझर फिरला. हजारो झोपड्या पडल्या. त्यात पोटासाठी शहरात आलेली माणसं होती आणि आपल्याच रानात अतिक्रमणदार ठरलेले आदिवासीही होते. ज्या रानातलं पाणी शहराच्या नळाला गेलं, त्या रानातल्या पाड्यांना नळासाठी, विजेसाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं. २००६ साली वनहक्क कायदा आला. कायदा आहे, पण दाव्याच्या फायली कशा चालतात हे महाडनं आपल्याला शिकवलंय.

मग माझा सवाल आपल्यालाच आहे. कान्हेरी आपली, असं आपण म्हणतो. बरोबर म्हणतो. पांडवांच्या तोंडातून तिला सोडवलीच पाहिजे. पण आपण तिथं गेलो, वंदना म्हटली, आणि वाटेतल्या पाड्यावरची बाई डोक्यावर हंडा घेऊन चढण चढताना बसच्या खिडकीतून बघितली न बघितली केली, तर आपलं पवित्र आणि केळीवाल्या गृहस्थांचं पवित्र यात फरक काय? त्यांचं माकडापाशी थांबलं. आपलं मूर्तीपाशी थांबेल.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. पोरांना नेलंत तर आधी मूर्ती दाखवू नका, पोढी दाखवा. पन्हळीवरून बोट फिरवायला लावा, पाणी कुठून येतं ते त्यांच्याच तोंडून काढा. शिलालेखातल्या लोहाराबद्दल सांगा. माकडाला खायला घालू नका, आणलेलं प्लास्टिक परत न्या, त्याचं रान त्याला राहू द्या. आणि उतरताना थेट बस धरू नका. पाड्यावर जा. तिथं लेक्चर देऊ नका, ऐका. वनहक्काचा दावा कुठं अडलाय विचारा. आपल्यात फॉर्म भरणारे, वकिली शिकणारे, साहेबापुढं न घाबरता बोलणारे आहेत. ते त्यांच्यासोबत कचेरीत उभे करा.

देयधर्म हा शब्द दगडात कोरलेला आहे. पुसला जात नाही. तो रानातल्या हंड्यापर्यंत पोचवायचं काम आपलं.