दारापासून दर्यापर्यंत

दक्षिण युरोपच्या किनाऱ्याने मोटारीतून करावयाच्या सहलीचे एक गुळगुळीत, रंगीत माहितीपत्रक गेल्या दिवाळीत आमच्या जावईबापूंनी आमच्यापुढे ठेवले. लिस्बन, सेव्हिल, नीस, जिनोआ, आमाल्फी! एका बाजूस निळा समुद्र, दुसऱ्या बाजूस द्राक्षांचे मळे, आणि वाटेत आवडेल त्या गावी उतरून आवडेल ते खावयाचे. कल्पना आम्हास फार आवडली; शेवटच्या पानावरील आकडा मात्र आवडला नाही. चष्मा पुसण्याचे निमित्त करून आम्ही विषय टाळीत होतो, तोच स्वयंपाकघरातून आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, लोकांचा समुद्र मागाहून पाहू. मी अजून आपलाच धड पाहिला नाही. आणि आपल्या दारावरून जाणारा रस्ता तिकडेच जातो, असे तुम्हीच पोरांना शिकवता ना?"

शिकवतो खरे. आमच्या भैंशावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ निर्मलकडून येतो आणि भोकर, नांदेड, परभणी, अहिल्यानगर, माळशेज घाट, कल्याण करीत थेट भिवंडीस, म्हणजे समुद्राच्या हाकेवर जाऊन थांबतो. वर्षानुवर्षे आम्ही हा रस्ता नकाशावर छडीने दाखविला. त्या वाटेने शेवटपर्यंत मात्र कधी गेलो नव्हतो. संक्रांतीच्या सुटीला चार दिवसांची रजा जोडली आणि जावईबापूंच्या मोटारीतून आम्ही उभयता, कन्या, जावई आणि सहा वर्षांची नात असे पाच जण निघालो. सौ.नी दशम्या, तिळाची चटणी आणि ठेच्याची बरणी बरोबर घेतली होती. घाई करावयाची नाही, रात्री मोटार हाकावयाची नाही आणि चांगले काही दिसले की थांबावयाचे, एवढाच नियम होता.

भोकरच्या अलीकडे राज्याची सीमा ओलांडताना दर वेळी आमच्या मनात एक हिशेब उभा राहतो. १९५६ पूर्वी भैंसा हे नांदेड जिल्ह्यातील मुधोळ तालुक्याचे गाव. राज्यपुनर्रचनेत मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही तीन सर्कले आंध्र प्रदेशात गेली व आदिलाबाद जिल्ह्यास जोडली गेली. २०१४ साली तेलंगण राज्य झाले, २०१६ साली निर्मल जिल्हा झाला. गाव आपल्या जागी आहे, सुद्धा वागूचे पाणीही तेच आहे. पत्ता मात्र बदलत आला. पत्ता बदलला तरी घरातील भाषा बदलू नये, या एका काळजीपोटी आम्ही एम. ए.स मराठी घेतले आणि पुढे जन्मभर मुलांच्या वह्यांतून लाल शाई चालविली.

पहिला मुक्काम अहिल्यानगरास झाला. दुसऱ्या दिवशी माळशेज घाट उतरलो. याच डोंगररांगेत जवळच नाणेघाट आहे. दोन हजार वर्षांपूर्वी पैठण-जुन्नरचा माल त्या घाटाने कल्याण बंदराकडे उतरत असे, आणि भूमध्य समुद्राकडील व्यापारी त्याची वाट पाहत असत. पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या टिपणात कल्याण, पैठण आणि तेर यांची नावे आहेत. तेरच्या कापडाचा उल्लेख आहे. आम्ही कापसाच्या बाजारपेठेत राहणारी माणसे. आमच्या मुलुखाशी दक्षिण युरोपची ओळख माहितीपत्रकाहून पुष्कळ जुनी आहे, हे जाणून अंमळ बरे वाटले.

कल्याणहून पनवेल, पेण करीत सायंकाळी अलिबागेस पोहोचलो. ओहोटी लागली होती, कुलाबा किल्ल्याकडे माणसे पायी चालली होती, आणि आमच्या सौ. पदर खोचून गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. नातीने ओंजळीतील पाणी जिभेस लावले, तोंड वाकडे केले आणि धावत येऊन विचारले, "आजोबा, समुद्रात एवढं उप्पू कोण टाकलं?"

आमच्या तोंडून सवयीने निघाले, "उप्पू नव्हे, मीठ. आणि कोण नव्हे, कोणी."

ती क्षणभर आमच्याकडे पाहत राहिली, "सॉरी" म्हणाली आणि आजीकडे निघून गेली. मीठ कोणी टाकले, हे तिने पुन्हा विचारले नाही. हैदराबादेत वाढणारे मूल. शेजार तेलुगू, शाळा इंग्रजी. उप्पू म्हणजे तेलुगूत मीठ. रात्री कन्या हलकेच म्हणाली, "बाबा, तुम्ही तिच्या प्रत्येक वाक्याखाली लाल रेघ ओढता. म्हणून ती हल्ली तुमच्याशी बोलायची वेळ आली की इंग्रजीत बोलते. ते तरी चुकत नाही, असं तिला वाटतं." या बोलण्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. समुद्राची गाज ऐकत आम्ही बराच वेळ जागे होतो.

दुसऱ्या दिवशी चौल-रेवदंड्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांतून निघालो. रेवदंड्याच्या पोर्तुगीज कोटाच्या भिंती अद्याप उभ्या आहेत. कुंडलिकेच्या खाडीवरील पूल ओलांडला की पलीकडे समुद्रात शिरलेल्या डोंगरावर कोर्लईचा किल्ला दिसतो. आदल्या मुक्कामीच्या नगरची निजामशाही आणि पोर्तुगीज यांच्यात या डोंगरासाठी झुंज झाली व १५९४ साली तो पोर्तुगीजांच्या हाती गेला. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पुढील वर्षी चौल-रेवदंडा व कोर्लई मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज सत्ता गेली. पायथ्याचे ख्रिस्ती गावकरी मात्र तेथेच राहिले, आणि त्यांच्यापाशी राहिली त्यांची बोली.

या बोलीविषयी आम्ही वाचले होते. पोर्तुगीज शब्दांवर उभी राहिलेली ही भाषा जगात या एकाच गावी बोलली जाते. बोलणारे हजाराच्या आतबाहेर. बोलणारे तिला ‘क्रिस्ती’ किंवा ‘नो लिंग्’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. परंतु वाचणे वेगळे आणि कानांनी ऐकणे वेगळे. एका घराच्या ओटीवर सुकी मासळी निवडीत बसलेल्या वृद्ध बाईंकडे आम्ही प्यावयास पाणी मागितले. आमच्याशी त्या अस्सल किनारी मराठीत बोलल्या आणि त्याच दमात आतल्या नातवास त्यांनी काहीतरी सांगितले. सूर थेट मराठी, शब्द मात्र आम्हास एकही कळेना. मुलगा तांब्या-पेला घेऊन आला आणि आजीस त्याच भाषेत काहीतरी उलट बोलला. तेव्हा ती रागे भरली, हे मात्र भाषेवाचून कळले!

आम्ही विचारले, "ही भाषा मुलांना शिकवतं कोण?"

बाईंना प्रश्नच विचित्र वाटला. "कोण शिकवणार? शाळेत मराठी. घरात आम्ही बोलतो, पोरं ऐकतात."

"आणि चुकली तर?"

"चुकली तर हसतो," त्या म्हणाल्या.

जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाभ्यासकाचा या बोलीवरील ग्रंथ १९९६ साली प्रसिद्ध झाला. मराठीच्या शेजारात तिची वाक्यरचना कशी बदलली, हे त्याने त्यात दाखविले आहे. पोर्तुगीजमध्ये मधे येणारे क्रियापद येथे मराठीसारखे वाक्याच्या शेवटी गेले. लिस्बनच्या एखाद्या हेडमास्तराने या वाक्यांवर लाल शाईचा सडाच घातला असता. परंतु असा हेडमास्तर येथे कोणी नव्हता. ना राजाश्रय, ना शाळा, ना पाठ्यपुस्तक. शेजाऱ्याचे शब्द आणि शेजाऱ्याची रचना घेत ती बोली पावणेतीनशेहून अधिक वर्षे चुलीपाशी टिकून आहे. आमच्याकडे शाळा आहे, पुस्तके आहेत, पदवीही आहे. आणि आमची नात आमच्याशी बोलावयास भिते. मोटारीत परत बसताना आम्ही कोणाशी बोललो नाही.

तेथून पुढे मात्र प्रवासाने आम्हास आपल्या रंगात ओढले. काशीदची पांढरी वाळू, मुरूडसमोर पाण्यात उभा असलेला जंजिरा, हरिहरेश्वरची समुद्राकडेची प्रदक्षिणा, आणि वाटेत खाडी लागली की फेरीबोट. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड: मोटारीसकट माणसे पाण्यावरून जातात, आणि बोट येईपर्यंत शेंगदाणे खात काठावर बसावे लागते. ज्यास हा खोळंबा वाटेल त्याने महामार्गानेच जावे. आम्हास तर पुरी सहल त्या काठांवरच घडली. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेलो आम्ही. तांदळाची भाकरी, सुरमईचे तुकडे आणि वाटीवाटीने सोलकढी यांना शरण गेलो. सौ. माशास शिवत नाहीत. त्यांचे घावणे, आंबोळी आणि उकडीचे मोदक यांवर उत्तम चालले. ठेच्याची बरणी गुहागरास संपली. मिरचीदेखील पोर्तुगीजांनीच अमेरिकेहून या देशात आणली, असे आम्ही सांगितले, तेव्हा सौ. म्हणाल्या, "मग ठेचा पण त्यांचाच म्हणायचा का?"

दाभोळच्या धक्क्यावर बोटीस अवकाश होता, म्हणून आम्ही नातीस जवळ बसविले आणि गलबतातून आलेले शब्द मोजण्याचा खेळ मांडला. पाव, बटाटा, काजू, अननस, कोबी, चावी, बादली, घमेले, बिजागरी, फीत, नाताळ, लिलाव. आमचा सर्वात प्रिय शब्द ‘पगार’ हाही पोर्तुगीजच. जावईबापू मोठ्याने हसले. साबणाचे मूळ ‘साबांव’, असे आम्ही म्हणालो, तेव्हा नात एकदम उठून उभी राहिली.

"मग सब्बू पण तिकडूनच आलं?"

आम्ही निरुत्तर! दिवाळीत अभ्यंगस्नानाच्या वेळी तिने "सब्बू दे" म्हटले, तेव्हा "शुद्ध बोल, साबण म्हण" असे आम्हीच दटावले होते. तेलुगूचा सब्बू आणि मराठीचा साबण ही एकाच गलबतातून उतरलेली दोन भावंडे. शुद्ध दोन्ही नव्हेत, परकी आता दोन्ही नव्हेत. "होय, सब्बूही तिकडूनच आला," आम्ही कबूल केले. तिने टाळ्या पिटल्या, आणि तेथपासून तिचे प्रश्न पुन्हा सुरू झाले. चार दिवसांनी आम्हास त्या आवाजाची किंमत कळली.

मालवणास सिंधुदुर्ग पाहून आठव्या दिवशी पणजीस पोहोचलो. फोंतेन्यासच्या अरुंद गल्ल्या, पिवळ्या-निळ्या भिंती, कौलारू छपरे, लाकडी सज्जे. माहितीपत्रकातील चित्र जणू उलगडून ठेवले होते. सकाळी सायकलवरून पोई विकणारा भोंगा वाजवीत गेला, दुपारी थरथरांच्या बेबिंकेने जेवणाचा शेवट झाला. सायंकाळी मांडवीच्या काठी बसलो असता आम्हास फादर स्टीफन्सची आठवण झाली. हा इंग्रज धर्मोपदेशक १५७९ साली गोव्यास आला, येथील लोकांत राहून भाषा शिकला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ त्याने मराठीत रचले. १६१६ साली ते रायतूर येथे रोमी लिपीत छापले गेले. त्याच्या मराठीत कोंकणीचे शब्द किती मिसळले आहेत, हे आम्ही परीक्षेत मोठ्या कौतुकाने लिहिले होते. चारशे वर्षांपूर्वीच्या पाद्र्याची मिसळ ती साहित्याची ठेव, आणि आमच्या नातीची मिसळ ती चूक! हा न्याय कोणत्या शाळेतला?

यावरून व्याकरण बुडवावे, असे आम्ही म्हणत नाही. वहीत मीठ हाच शब्द लिहावयाचा आणि तो आम्ही शिकवूच. पण वही वेगळी आणि ओसरी वेगळी. परप्रांतात राहणाऱ्या आपल्या घरांत मराठी वहीतून जाण्याआधी ओसरीवरून जाते, आणि कित्येकदा तिला हुसकून लावणारे आपणच असतो, ज्यांना ती सर्वांत प्रिय आहे. हे कोर्लईच्या त्या बाईंनी दोन शब्दांत सांगितले. आम्हास त्यासाठी छत्तीस गावांचे पाणी प्यावे लागले.

चोर्ला घाटाने बेळगाव, पुढे सोलापूर, लातूर, नांदेड करीत दहाव्या दिवशी घरी आलो. नातीने गुहागरच्या किनाऱ्यावर एक बाटली भरून घेतली होती. ती तिने वाटभर मांडीवरून खाली ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी आजीच्या मागे लागून तिने ते पाणी पातेल्यात ओतविले आणि चुलीपुढे ठाण मांडले. पाणी आटत गेले, तळाशी पांढरा थर धरला. बोटाने चाखून ती ओरडली, "आजोबा, बघा! समुद्र गेलं, उप्पू राहिलं!"

सौ.नी आमच्याकडे पाहिले. वाक्यात चुका दोन होत्या. आम्ही चिमूटभर जिभेवर ठेवले आणि म्हणालो, "होय ग बाई, उप्पू राहिलं."

मग ती आमच्या मांडीवर येऊन बसली आणि अलिबागेस अर्धा राहिलेला प्रश्न तिने पुन्हा विचारला. नद्या डोंगरातून क्षार कसे आणतात, आमची गोदावरीही बासरवरून ते घेऊन समुद्रास कशी मिळते, हे सांगता सांगता दिवेलागण झाली.