दगडी स्तंभ आणि लाकडी मुंडा

दिल्लीत 'हिंदूराव' म्हटले की बहुतेकांस रुग्णालय आठवते. हे हिंदूराव म्हणजे कागलच्या घाटगे घराण्यातील सरदार आणि बायजाबाई शिंद्यांचे बंधू, ही माहिती आम्ही मराठी माणसे नव्या पाहुण्यास मोठ्या हौसेने पुरवितो. टेकडीवरील त्यांच्या कोठीत 1857 साली इंग्रजांनी ठाणे केले. पुढे तेथे रुग्णालय आले. नाव तेवढे राहिले.

जवळच अशोकाचा स्तंभ आहे. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने तो मीरतेहून आणविला. अठराव्या शतकात स्फोट होऊन त्याचे पाच तुकडे झाले; 1867 मध्ये ते सांधून तो पुन्हा उभा केला गेला. एवढे सोसूनही स्तंभ टिकला. मात्र त्यावरील लेख वाचू शकणारा वाटसरू विरळाच. टिकणे म्हणजेच स्मरणात राहणे काय, असा प्रश्न येथे आमच्या मनात येतो, आणि आम्हां वऱ्हाडकरांस मेळघाटातील कोरकूंचा मुंडा आठवतो.

मुंडा म्हणजे मृताच्या स्मरणार्थ कोरलेली लाकडी फळी, बहुधा सागाची. वर सूर्य आणि चंद्र, खाली घोड्यावर बसलेला स्वार. ज्याने जन्मात घोडा पाळला नाही त्यालाही येथे घोडा मिळतो. पुढचा प्रवास पायी करावा लागू नये, असेच जणू मागे राहिलेल्यांना वाटत असावे! हा मुंडा सिडोलीच्या विधीत रोवतात. त्या विधीवाचून मृताचा जीव पितरांत मिळत नाही, अशी श्रद्धा आहे. परंतु सिडोली म्हणजे सोयऱ्यांस जेवण आले, खर्च आला. म्हणून ती कधी काही महिन्यांनी होते, तर कधी अनेक वर्षांनी. पुष्कळदा घरातील अनेक मृतांची एकत्रच उरकतात. तोवर ते ऋण घराच्या डोक्यावर असते.

एकदा रोवलेला मुंडा उन्हापावसात झिजतो, स्वाराचा चेहरा पुसट होतो, वाळवी आपले काम करते. त्याचे दुःख का मानावे? जीव पितरांत मिळाला, तेव्हाच लाकडाचे काम झाले. दूर नायजेरियातील उर्होबो लोकही पूर्वजांच्या आणि ग्रामदैवतांच्या मूर्ती लाकडात कोरीत आले. 2004 साली न्यूयॉर्कला त्यांचे प्रदर्शन भरले, तेव्हा जगाने त्यांचे कौतुक केले. कौतुक योग्यच, मात्र नैवेद्य काचेपलीकडे पोहोचत नाही.

खरी अडचण मुंडा कुजतो तेव्हा येत नाही. गाव उठते तेव्हा येते. मेळघाटात 1974 मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला, आणि या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा, कुंड ही गावे हलविली गेली. वाघ वाचावा, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु आम्ही कागदपत्रांत जन्म घालविलेली माणसे. आम्हांस तक्ता दिसतो. घर, शेत, विहीर, झाड, प्रत्येकास रकाना आणि रकान्यास रक्कम. पितरांच्या झाडाखालील अर्धवट कुजलेली फळी कोणत्या रकान्यात लिहावी? 'किंमत शून्य' असे लिहिल्यास हिशेब बिनचूक ठरेल, आणि कोणी हरकतही घेणार नाही. आमच्यापैकी ज्याच्यापुढे असा तक्ता येईल, त्याने सही करण्यापूर्वी त्या घरच्या म्हाताऱ्यास एवढे तरी विचारावे, की बाबा, तुमची सिडोली झाली आहे ना?